गोठ्याच्या छपरावरून हाक

उलजान : गेले सगळे पाहुणे. आता तरी आडवे व्हा, मामंजी.

इमानकुल : झाकीप गेला?

उलजान : घोड्यावर बसून ओढ्यापार झालेसुद्धा. मेंढीच्या शेपटीची चरबी ठेवून गेलेत. म्हणाले, भावाला रोज घाल, ताकद येईल. शहरातल्या डॉक्टरांनी ऐकलं तर झाकीपकाकांना आणि मला, दोघांनाही फैलावर घेतील.

इमानकुल : कुत्र्याला घाल.

उलजान : म्हणजे गावभर बोभाटा. शेजारी देईन. पाहुण्यांसमोर केवढे ताठ बसलात. हसलातसुद्धा. खोकला आला तो गिळलात, मी दारातून पाहिलं.

इमानकुल : मग काय, त्यांच्यादेखत उशी छातीशी धरून खोकत बसू? बाहुली घेऊन बसल्यासारखा?

उलजान : आता कुणी नाही. घ्या उशी.

इमानकुल : तू आहेस.

उलजान : मी घरचीच.

इमानकुल : म्हणून तर. बायको असती तर गोष्ट वेगळी. सुनेनं मला धरायचं, सुनेनं पाय उचलून मोजे चढवायचे. एवढा जन्म गेला, असा कधी उघडा पडलो नव्हतो. जा, चुलीत शेणी सरकव.

उलजान : सरकवल्यात. दुपारी डॉक्टरांचा फोन आला होता, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांचाच. विचारलं, चालतात का, खोकून कफ काढतात का. मी खरं ते सांगितलं.

इमानकुल : चहाडी केलीस.

उलजान : केली. म्हणाले, हृदयाचं काम आम्ही नीट केलंय. पण हा माणूस असाच लोळत पडला तर फुप्फुसं भरतील, मग परत आणावं लागेल. मामंजी, घाटात बर्फ साचलंय. गाडी जात नाही. परत न्यायचं म्हटलं तरी मी तुम्हाला कशी नेऊ?

इमानकुल : नेऊ नकोस.

उलजान : असं तोडून बोलू नका. रस्सा तरी घ्या, निवतोय.

इमानकुल : सगळ्याला लोखंडाची चव येते. छातीत तारा घातल्यात ना, त्याच चघळतोय असं वाटतं. कुशीवर वळलो की हाड करकरतं. करवतीनं कापलं मला, सूनबाई. मेंढरू सोलताना आपण त्याचंसुद्धा हाड मोडत नाही, सांध्यात सुरी घालून सोडवतो. मेंढराची किंमत माझ्यापेक्षा जास्त.

उलजान : मेंढरू सोलल्यावर उठून बसत नाही.

इमानकुल : जीभ फार चालायला लागली तुझी.

उलजान : दुसरं कोण आहे बोलायला? तुम्ही भिंतीशी बोलता. काल रडलात तेही भिंतीकडे तोंड करून.

इमानकुल : ऐकलंस?

उलजान : ऐकलं. डॉक्टर म्हणाले, ही चिरफाड झाली की भलेभले रडतात. त्यात लाजायचं काही नाही.

इमानकुल : तिलेकला बोलावून घे. मुलानं धरलं तर मी उठेन.

उलजान : तो आला तर रशियात कामावर परत घेणार नाहीत त्याला. येऊ नकोस म्हणून तुम्हीच ओरडलात फोनवर. उगाच त्याचं नाव पुढे करू नका. मला वेगळंच वाटतंय. विचारू?

इमानकुल : विचारल्याशिवाय राहणारेस का?

उलजान : तुम्हाला बरं व्हायचंच नाहीये ना?

इमानकुल : ...दार लाव. वारा येतोय.

उलजान : लावलेलंच आहे.

इमानकुल : मग ऐक, आणि कुणाजवळ बोलू नकोस. मला बोलावणं आलंय. त्या दिवशी गोठ्यात घोड्याला पाणी पाजत होतो, छातीत कळ आली आणि बादलीवरच पडलो. डोळ्यांपुढे अंधार. तेवढ्यात वरून हाक आली. बाईचा आवाज. माझं नाव, बापाच्या नावासकट. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. या घरात माझं नाव घेणारी बाई एकच होती, माझी आई. बायकोनं कधी घेतलं नाही, तू कुठली घेणार? आई बोलवायला आली होती, सूनबाई. मी निघालोही होतो. तेवढ्यात तुम्ही लोकांनी उचलून शहरात नेलं, फाडलं, शिवलं. तिला तिष्ठत ठेवलंय मी. फार दिवस थांबणारी बाई नव्हती ती.

उलजान : मामंजी...

इमानकुल : आता कळलं ना? मग आग्रह करू नकोस.

उलजान : मामंजी, ती मी होते.

इमानकुल : कोण?

उलजान : हाक मारणारी. हाक नव्हतीच ती. तुम्ही पडलेले दिसलात आणि फोनला रेंज मिळेना. आपल्याकडे ती गोठ्याच्या छपरावरच मिळते, गवताच्या गंजीवर. मी शिडीनं वर चढले आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावला. तिकडची बाई विचारते, आजारी माणसाचं नाव काय? मी म्हटलं, आमच्या घरातले मोठे. म्हणते, नाव. मी म्हटलं, तिलेकचे वडील. तिचं डोकं फिरलं. म्हणाली, नाव सांग नाहीतर ठेवते फोन, गाडी कुणाच्या नावावर पाठवू? मग घेतलं. तिला ऐकू जाईना, म्हणून ओरडून घेतलं. बापाच्या नावासकट.

इमानकुल : तू.

उलजान : सासूबाई असत्या तर थोबाडीत दिली असती. तेव्हापासून मला तुमच्याकडे मान वर करून बघवत नाही. वाटलं, तुम्ही ऐकलं असेल आणि म्हणून माझा हात लागला की अंग चोरता.



इमानकुल : चिडका होता आवाज.

उलजान : घाबरले होते मी. तुम्ही खाली पडलेले, ती बाई वर नाव विचारतेय.

इमानकुल : आईसुद्धा अशीच चिडून हाक मारायची. कुरणावरून यायला उशीर झाला की.

उलजान : मला माहीत नव्हतं.

इमानकुल : म्हणजे ती आलीच नव्हती.

उलजान : नाही, मामंजी.

इमानकुल : मी तिच्याशी बोलत होतो इतके दिवस. भिंतीकडे तोंड करून. तयारी करून बसलो होतो, पोरी. आता काय करू मी?

उलजान : खोका.

इमानकुल : दुखतं फार.

उलजान : दुखणारच. उशी घट्ट धरा. मी पाठीला हात लावते. लावू?

इमानकुल : लाव.

उलजान : अजून एकदा. असं. अजून. टाका इथे भांड्यात.

इमानकुल : आई गं. फाटलो बघ.

उलजान : नाही फाटलात. तारा घट्ट आहेत. रडायचं तर रडून घ्या, मी बघत नाही. आता कुशीवर वळा, हातांवर जोर नको, पाय खाली सोडा. माझ्या खांद्याला धरा. उठा.

इमानकुल : पाय माझे नाहीतच.

उलजान : तुमचेच आहेत. फक्त ओसरीपर्यंत.

इमानकुल : का थांबलीस?

उलजान : दार अरुंद आहे. आपण दोघं शेजारी मावणार नाही. मला पुढे व्हावं लागेल, आणि सुनेनं सासऱ्याला पाठ दाखवायची नसते. या घरात आल्यापासून मी ती दाखवलेली नाही. खोलीतून निघतानासुद्धा नाही.

इमानकुल : ठाऊक आहे. वळ.

उलजान : मामंजी...

इमानकुल : वळ म्हणतो ना. खांदा दे. आणि हळू चाल, पोरी. मागे मी आहे अजून.