कुठवर गेलाय ते बघून

‘दुखणं बाईचं बाई, पदराआड झाकावं, उंबऱ्याबाहेर त्याचं नाव नाही काढावं…’ सुपात तांदूळ पाखडताना कृष्णाबाई गुणगुणायच्या. सासूबाईंना जाऊन वर्षं लोटली, पण रोह्याच्या त्या घरात सगुणाच्या कानी ते सूप अजून हलत होतं. तेवढ्यात पेणहून धाकट्या जावेचा फोन आला.

“हॅलो? … हां, बोल वैशाली. एमआरआयचा रिपोर्ट दाखवलास? … अगो, फोटो बघितला मी! तुझ्याच नवऱ्याने, निकेशभावोजींनी ग्रुपवर टाकला ना. … तुला न विचारता? आता घरातलंच पोट, त्यात विचारायचं काय! बायजाआत्यांनी तर लगेच पेढे मागितले. त्यांना वाटलं, बाळाचाच फोटो. …

“व्हय, व्हय… अगो ऐक ना! शुक्रवारी इथे रोह्याला पिशवी काढायची म्हणजे काढायची. डब्यांच्या पाळ्या लागल्यात, गाडी सांगितलीय, कुणी किती शहाळी आणायची तेपण ठरलंय. गणपतीआधी उरकलं की बसून मोदक वळशील. … नाय काढायची? कोण बोललं? … रामवाडीच्या डॉक्टरीणबाई? … पिशवीचं आतलं अस्तर तिच्याच भिंतीत शिरलंय. बरं, मग? … त्यातही तऱ्हा? … एकीत सगळीकडे पसरतं, एकीत एकाच जागी राहतं… आणि तुझं मागच्या भिंतीत, एवढंसंच. … हं. म्हणून आधी औषध, मग पुन्हा बघायचं, मग बाळाचं. …

“पण फोटो काढून कुणाचं दुखायचं थांबलंय गो? आमच्या वाडीत विचार. घरोघरच्या पिशव्या गेल्या, फोटो काढत कुणी बसलं नाय! … करपा? मधेच भातावरचा करपा कुठनं आणलास? … छ्या, अख्खं शेत कोण नांगरतंय! आधी बांधावरनं फिरायचं, कुठवर गेलाय ते बघायचं. एका कोपऱ्यात असेल तर तेवढ्यावरच फवारा… तेवढ्यावरच…”

सगुणाने दाराबाहेर पाहिलं. दारापुढचं भात वाऱ्याने एका अंगाला कललं, परत उभं राहिलं.

“… हाय, हाय, फोनवरच हाय. … नको येऊस शुक्रवारी. आत्यांना मी सांगते. शहाळी मी एकटी पिईन सगळी. … रडत नाय गो. … वैशाली, माझी काढली ना, तेव्हा कुणी बघितलंच नाय कुठवर गेलंय ते. सासूबाई बोलल्या, दोन पोरगे हायत, आता ठेवून काय करायची? … नाय, मला नाय विचारलं कुणी. … मी पण नाय बोलले. … पोरगी हवी होती गो मला. … नाव? ठरवलं होतं ना. … निशिगंधा. …

“चल, ठेव आता. … नाय, आधी तू ठेव.”