ताई मोजणीत नाही

हॅलो?… कोण, चिमी?… बोल, पण जरा मोठ्यानं. शिवणयंत्र चालू आहे… नाही गं, बंद नाही करत. गिऱ्हाईक खाली ताटकळलंय, एवढ्या पँटला टीप मारते आणि मोकळी होते.

आई?… मजेत आहे. एक्याण्णवाव्या वर्षी माणूस असतं तेवढी मजेत. आत्ताच सूप प्यायली. निम्मं माझ्या बाहीवर.

कसली माहिती?… हो, हो, तुझं ते संशोधन. कुठल्या देशातली म्हातारी माणसं ठणठणीत राहतात आणि का… अगं, तीन वर्षं तेच ऐकतेय. विचार, विचार.

रोज किती चालते?… खाटेपासून बाथरूमपर्यंत. मला धरून. बारा पावलं जायची, बारा यायची… काय लिहिलंस? ‘नियमित चालणं’?… लिही बाई, तुझा कागद.

जिना?… चढते की. आई कुठली, मी. तीन मजले, दिवसातून चारदा. लिफ्ट वर्षभर बंद आहे… मी मोजणीत नाही?… बरं, राहिलं.

आणि तिकडे काय करतात म्हणालीस?… ऐंशीच्या बायका गारठलेल्या समुद्रात पोहतात? आणि शिंकतसुद्धा नाहीत?… दुसरीकडे शंभरीत बागकाम… वा. आणि तिसऱ्या देशात?… सरकार बाई पाठवतं? अंघोळ घालायला? रोज?… चिमे, ते पोहणं ठेव बाजूला, या बाईचं पुन्हा सांग… तिची सुट्टी असेल तेव्हा दुसरी येते?… छे, रडतेय कुठे, सर्दी आहे मला.

मग आपल्या देशापुढे काय लिहिलंयस? वाच… ‘कुटुंबाचा भक्कम आधार’. अगं, कुटुंब म्हणजे कोण कोण? दादाला जाऊन सहा वर्षं झाली. वहिनी रोज सकाळी फुलाचा फोटो पाठवते, तिचं कर्तव्य संपलं. तू तिकडे. म्हणजे भक्कम आधार म्हणजे मी. आणि मीही उजव्या पायावर, डावा गुडघा केव्हाच कामातून गेलाय.

तुमच्या अभ्यासात म्हातारं कितीच्या पुढे धरतात?… पासष्ट?… मला किती लागलं गं?… आठव, घाई नाही… सदुसष्ट. बरोबर.

हो, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन चौदालाच. तू बाराला पोचतेस ना? सहा आठवडे राहीन म्हणालीस, मी डॉक्टरांना तसंच… काय?… अगं ऐक ना… बरं, तू बोल… परिषद. पंधराला. हाच निबंध वाचायचाय… हो, मोठा मान आहे, कळतंय मला… आईचा चालतानाचा फोटो पडद्यावर दाखवणार?… मी धरलंय ना त्यात तिला?… मला कापलंस. नुसता हात राहिलाय.

आणि गुडघा?… पुढे ढकलू? गेल्या वर्षी तुझ्या मुलाच्या परीक्षेसाठी ढकलला. त्याच्या आदल्या वर्षी तुमच्या घराच्या रंगकामासाठी… ‘ताई, तू खंबीर आहेस’ हे पण लिहिलंयस का कुठे?

थांब, यंत्र बंद करते… हं. नीट ऐक. राग आलाय मला, खूप आलाय, पण राग काढायला सवड नाही. चौदाला सकाळी सातला मी दवाखान्यात जाणार. गाडी सांगून झालीय. आईच्या गोळ्या फ्रिजवर, रात्रीची अर्धी द्यायची… बाई ठेवू? दोन ठेवून झाल्या. पहिलीला आई चावली, दुसरी ते ऐकून आलीच नाही.

नाही, विचारत नाहीये मी. सांगतेय.

आणि एक. धाकटी येणार हे मी आईला सांगून बसलेय. सकाळपासून दाराकडे तोंड करून बसलीय. आज सातच तारीख आहे, हे तिला पटत नाही… मी का समजावू? तिच्या कानाला फोन लावते, तूच सांग की येत नाहीस. चार शब्दांचं काम आहे… अगं, घाबरतेस काय, आईच आहे… आई, हा घे. बोल, चिमी आहे…

काय झालं? काहीच ऐकू येत नाही?… आण बघू इकडे. हॅलो?… चिमे?…

ठेवला तिनं, आई… नाही गं, रागावली नाही… येईल ना. चौदाला मी घरात नसणार, म्हणजे यावंच लागेल तिला.