उलटा चिमटा

...नाही, म्हणजे मला सांगा, सायकल म्हणजे काय पाव आहे? ओट्यावर ठेवला, सुरी फिरवली, झालं सँडविच? पण आमचा मॅनेजर ट्रेंट, माझ्या मुलापेक्षा लहान आणि मला 'गड्या' म्हणतो, तो मागच्या गोदामात येणार, घड्याळ बघणार, एखादं पुढचं चाक गर्रकन फिरवणार आणि म्हणणार, "चाकं फिरतात ना? मग झालं!" अहो, खड्ड्यात पालथ्या पडलेल्या सायकलचीही चाकं फिरतात!

तुम्हाला सांगतो, ओहायोतल्या आमच्या या गावात सायकलचं एक दुकान होतं, माझ्या मामाचं. तिथे शिकलो मी. मग हे अवाढव्य दुकान आलं, ज्यात टोमॅटोपासून टायरपर्यंत सगळं मिळतं, मामाचं बंद पडलं आणि मी पाने-पक्कड उचलून इथे आलो... म्हणजे ज्याने घर बुडवलं त्याच्याच दारी चाकरी! पण एक होतं. खोक्यातून सुटी आलेली सायकल जोडली की मी हँडलला चिठ्ठी बांधायची, 'जोडणी : व्हर्लिन'. लोक चिठ्ठी वाचून सायकल उचलायचे हो! रविवारी चर्चबाहेर थांबवून सांगायचे, "व्हर्लिन, लोण्यासारखी चालते!" अभिमान वाटायचा. का वाटू नये?

तर वरून हुकूम आला, वेग वाढवा. वरून म्हणजे कुठून ते विचारू नका, आमच्याकडे देव आणि हेड ऑफिस दोघेही वरच राहतात आणि दोघांपैकी कुणीच फोन उचलत नाही. मी ट्रेंटला म्हटलं, "बाबा रे, ब्रेक जुळवायला वेळ लागतो." तर म्हणतो, "गड्या, तू सायकलींच्या प्रेमात पडतोस! चाकं फिरतात ना? मग झालं!" आणि माझ्या मदतीला कुणाला आणलं? डार्लाला. बागकाम विभागातली, परवापर्यंत खताची पोती उचलणारी बाई, तिच्या हातात पाना कोंबला आणि म्हणे सोपं आहे! ती बिचारी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "व्हर्लिन, घरी मी नवऱ्याला साधा खिळासुद्धा ठोकू देत नाही, इतकं मला सगळं नीट लागतं... आणि इथे बघ, काय करतेय मी." डोळ्यांत पाणी होतं हो तिच्या.

आता पुढचं चाक ज्यात बसतं ना, तो चिमटा. खोक्यात जागा वाचावी म्हणून तो मागे तोंड करून ठेवलेला असतो. बाहेर काढला की आधी पुढे फिरवायचा, मग हँडल आवळायचं. हे डार्लाला सांगायला वेळ कुणी दिला? मी जेवून येतो तर काय... रांगच्या रांग उलट्या चिमट्यांची! वळायला गेलात की बुटाचं टोक चाकात! मी बोंबलत ट्रेंटला घेऊन आलो. त्याने रांग बघितली, शेवटची माझी एकुलती एक सुलटी बघितली आणि म्हणतो काय, "गड्या, तुझीच वेगळी दिसतेय." अहो! "रांग एकसारखी दिसली पाहिजे. तुझी नीट कर." नीट! माझी! "आणि हे बघ, चाकं..." मी म्हटलं, फिरतात रे बाबा, फिरतात!

नाही केली मी नीट. तेवढा मान राखला स्वतःचा.

आणि नेमकी तेव्हाच नोरीन आली. शाळेची बस चालवते, चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसते. "डॉक्टरांनी गुडघ्यासाठी सायकल चालवायला सांगितलंय. तुझ्या नावाची चिठ्ठी असलेली दे बाबा मला एक!" माझी छाती अशी फुगली म्हणता! सायकल पुढे करतोय, तोवर ट्रेंट टपकला. "मॅडम, ती नको, तिचा चिमटा उलटा बसलाय. बाकीच्या बघा ना." नोरीनने बाकीच्या बघितल्या. मग माझी बघितली. मी म्हटलं, "नोरीन, अगं, त्या सगळ्या उलट्या आहेत, ही एकटीच बरोबर आहे!" आता हे वाक्य तुम्हीच मोठ्याने म्हणून बघा. कसं वाटतं? वेड्यांच्या इस्पितळातलं ना?

ती रागावली असती तर चाललं असतं हो! पण तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "व्हर्लिन, वय कुणाला चुकलंय? डोळे तपासून घे रे." आणि रांगेतली निळी सायकल काढली.

"अगं, वळताना बूट अडकेल! निदान रविवारी घरी येऊन चिमटा फिरवून देतो!"

"नको नको, तू आता हात लावू नकोस."

ट्रेंटची पाठ वळल्याबरोबर, नोरीन पाकीट शोधतेय तोवर, मी ब्रेक तेवढे आवळून दिले. बाकी काय करणार? नोरीन निघाली, गल्ल्यापर्यंत गेली आणि मागे वळून ओरडली, "पण चिठ्ठी तुझ्याच नावाची बांध हं! दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही!"

बांधली... अक्षर मात्र सुरेख आलं होतं.