मेंदू माझा, बहुमत त्यांचं

...आणि वर मलाच म्हणतात, 'बाबा, आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय!' सगळ्यांनी म्हणजे कोणी? मुलगा, सून, मुलगी, जावई. आणि घर कोणाचं? माझं! दोन खोल्या आणि एक गॅलरी, तेहेतीस वर्षं राहतोय. ते म्हणे विकायचं, आणि मी सहा महिने मुलाकडे, सहा महिने मुलीकडे. मी माणूस आहे की वाचनालयाचं पुस्तक? अहो, मेंदू माझा आहे की नाही?

तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षं कारकुनी केली. साहेबांनी काहीही लिहावं, खाली आपलं 'सहमत'. निवृत्त झालो तेव्हाच ठरवलं, आता उरलेलं आयुष्य असहमत!

तेवढ्यात पेपरात जाहिरात. माणूस एकटा ठरवतो तेव्हा मेंदूत काय चालतं आणि चारचौघांत ठरवतो तेव्हा काय, याच्या अभ्यासाला माणसं हवीत. म्हटलं चला, शास्त्राचा दाखलाच आणून घरच्यांपुढे आपटू!

गेलो, तर मला मेंदूचं चित्र काढणाऱ्या यंत्राच्या नळकांड्यात आडवं सरकवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'काका, मान हलवायची नाही हं.' म्हटलं, बाई, जन्मभर हलवली, आता थांबवायलाच आलोय! आत यंत्राची नुसती ठणठण... पडद्यावर दोन चित्रं, आवडेल त्याचं बटण दाबायचं. दाबलं. लगेच पडद्यावर काय? 'इतर चौघांनी दुसरं निवडलंय. बदलायचंय?' चौघं! मेले तिथेही चारच! मेंदू माझा आहे की नाही? चाळीस वेळा विचारलं, चाळीस वेळा नाही म्हणालो!

बाहेर आलो तो छाती काढून. बाई संगणकावरचं चित्र दाखवत म्हणतात, 'एकटे ठरवत होतात तेव्हा सगळं शांत. पण चौघांचं मत वेगळं दिसलं, की हा बेचैनीचा भाग पेटायचा.'

'म्हणजे मी भित्रा?'

'छे हो! आतून इतकं होऊनही तुम्ही बदलला नाहीत.'

त्या चित्राची प्रत आणून घरी चौघांपुढे टेबलावर ठेवली, पेटलेला भाग बेचैनीचा हेही सांगितलं. तर सून म्हणते, 'अगंबाई, बाबांना आपल्यावाचून किती बेचैन होतंय!' जावई चष्मा वर करून, 'हो की, लालबुंद झालंय.' अरे, ते तुमच्यामुळेच झालंय! मुलीच्या तर डोळ्यांत पाणी. 'आई गेल्यापासून तुम्ही काही बोलत नाही बाबा... मेंदू तरी बोलला.'

आता खोटं कशाला बोलू? तेव्हा आत काय पेटलं ते यंत्राशिवाय कळलं. पण म्हटलं, बाळे, जीव तुटतो म्हणून मत बदलत नसतं. घर विकणार नाही. मी इथून हलणार नाही. मेंदू माझा!

चौघं स्वयंपाकघरात गेले. दार लोटलं, कुजबुज झाली. पाच मिनिटांत मुलगा बाहेर. 'पटलं बाबा. तुम्ही मुळीच हलू नका. आम्हीच येतो राहायला.'

आले! बाहेरच्या खोलीत मुलगा-सून, आतल्या खोलीत त्यांची कपाटं, शनिवार-रविवार मुलगी आणि जावई. माझी खाट गॅलरीत. पण घर सोडलं का मी? नाही सोडलं!

...गॅलरी घरातच धरतात ना हो?