मागून मोकळं

नाही लागणार. तो नंबर भावजयीने बंद केला, चार महिने झाले. तुम्ही बदलीवर होतात, तुम्हाला कोण कळवणार — बसा आधी. ते स्टूल नको, त्याचा पाय हलतो, इकडे बसा. गेला तो. हो, माझा भाऊच. तुमचे स्पीकर ज्याने बनवले तोच, मला काय दुसरा भाऊ आहे? पाणी देऊ? बरं, राहिलं.

मंगळवार होता. विशेष काही नाही, रोजच्यासारखाच मंगळवार — सकाळी दोन मिक्सरची कव्हरं दिली, मग व्यायामशाळेच्या बाकाची गादी घेतली शिवायला. अकराच्या पुढे फोन वाजायला लागला. मी कोपऱ्यावर होते. रेक्झिनचा कोपरा अर्ध्यात सोडता येत नाही हो, सुईची भोकं पडली की पडली, कापडासारखी ती बुजत नाहीत. म्हणून वाजू दिला. तीनदा वाजला. मी कोपरा पुरा केला, दोरा तोडला आणि मग उचलला. त्याच्या शेजारीणबाई होत्या. ‘ताई, तुम्ही या,’ एवढंच म्हणाल्या. तो कोपरा नीट झालाय, अजून आहे त्या बाकावर. मी बघून आले एकदा.

धूर. भाजला-बिजला नाही फारसा. अंगात ताप होता म्हणून कामावर गेला नव्हता, खोलीचं दार लावून गाणं लावून पडला होता — त्याला झोपच लागायची नाही गाण्याशिवाय, लहानपणी रडायचाही असा की सगळी आळी जागी, म्हणून तर भोंगा म्हणायचे त्याला घरात. भोंग्याने पुढे स्पीकरच बनवावेत, यात नवल काय. तर झोप लागली. पेटलं ते आधी धुमसलं असणार, आतला फोम धुमसतो नुसता — म्हणजे, फोम म्हणजे, गादी वगैरे. खोलीतलं सगळंच. अग्निशमनवाले म्हणाले, भिंतीवरच्या बोर्डातून सुरू झालं असेल, बोर्डाला इस्त्री लावलेली दिसते. असेल, असं म्हणाले. त्यांनी ‘असेल’ म्हटलं आणि भावजयीने तेवढंच धरलं. सकाळी कामावर जाताना तिने त्याच खोलीत कपड्यांना इस्त्री केली होती. बटण बंद केलं की नाही तिला आठवत नाही. कोणाला आठवतं? तुम्ही आज निघताना बंद केलंत का, सांगा बघू — नाही ना आठवत.

आणा ती पिशवी. कव्हर ना? एकच आणलंय? दुसरं घरी, स्पीकरवरच. चालू नाही ना तो? नक्की? नाही, सहज विचारलं. नवी जोडी हवी म्हणता, पण ह्याला काय झालं, दोन वर्षं तर झाली नाहीत. मांजर? मांजराने काही होत नाही, त्यासाठीच तर शिवली. बघा, ही पुढची जाळी बघा, एक ताणा निसटलेला नाही. ही निवडायला आम्ही आठ दुकानं फिरलो. तो कापड तोंडाला लावून फुंकर मारायचा आणि मी पलीकडून तळहात धरायची — फुंकर हाताला लागली तर आवाज जाईल, नाही तर पुढचं दुकान. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, कापड घ्यायचंय की बासरी?’ पुढून त्याला इतकं मोकळं हवं होतं. कव्हर घालूनच वाजलं पाहिजे, मुलांची बोटं आत जाता कामा नयेत, धूळ बसता कामा नये. पुढून एवढं कळलं मला. पुढून काही चुकलं नाही.

उलटं करते आता.

हं. हा डाग कधीपासून? आत्ता दिसला? गंज नाही हा. बुरशी नाही. साबणाने जाणार नाही हा, अस्तर करपलंय — हात लावा, कडक लागतंय ना, पापडी निघते बघा. घरी कोण आहे तुमच्या? आई. त्या काय करतायत आता? गाणी लावून दिलीत. अहो, मघाशी तर म्हणालात चालू नाही. बरं, बरं, तुम्हाला ह्या कव्हराच्या स्पीकरबद्दल विचारतेय असं वाटलं, असू दे. फोन लावा. आधी लावा, मग बोला. वाजतोय? त्यांना कमी ऐकू येतं, हो ना, त्यात गाण्याचा आवाज. वाजू द्या. पुन्हा लावा. पुन्हा. मी कुठेही जात नाही. — उचलला? सांगा, स्पीकरच्या पाठीचं बटण नाही, पाठीला हात लावायचा नाही, भिंतीवरचं बटण बंद करायचं. केलं? पुन्हा विचारा, केलं का म्हणून. वास येतोय का विचारा. थोडासा. बरं. खिडकी उघडा म्हणावं आणि त्या खोलीत बसू नका. बसा तुम्ही. पाणी घ्याच आता.

ॲम्प्लिफायर त्या खोक्यांच्या पाठीलाच आहे, तो तापतो, पत्र्याच्या पट्ट्या असतात ना, त्या हवा लागावी म्हणूनच. हे मला आता पाठ आहे. तेव्हा त्याने फोनवर सांगितलं, ‘ताई, मागून मोकळं ठेव.’ आता तुम्ही सांगा, तीस वर्षं शिवते मी — मोकळं ठेव म्हटलं की शिवणारा काय करतो? सैल ठेवतो. गिऱ्हाईक म्हणतं बाही मोकळी ठेव, तर आपण बाही कापून टाकतो का? दोन बोटं मोकळं ठेवलं मी. आणि पाठ भिंतीला घासेल म्हणून आतून फोम, वरून रेक्झिन, दुहेरी शिवण. मायेने केलं हो. पाच जोड्या, दहा पाठी, त्यातली एक जोडी त्याच्या घरची. शब्दच तसा, कोणाचीही चूक झाली असती.

नाही, त्याला कळलं होतं. म्हणजे, आला होता तो. पाहून हसला आधी. ‘अगं, मोकळं म्हणजे उघडं, श्वास घ्यायला जागा,’ म्हणाला, आणि माझाच खडू घेऊन सगळ्या पाठींवर चौकट आखली. इथून काप, म्हणाला. दहाही कव्हरं बांधून ठेवली होती मी, आणि ती दुहेरी शिवण — माझ्याइतकी सरळ शिवण ह्या बाजारात कोणाची नाही, गर्व म्हणा. मी म्हटलं, ‘दहा पाठी उसवायला माझे हात काय भाड्याने आणलेत? मोकळं सांगितलंस, मोकळं दिलं. हवं तर ने, नाही तर ठेव.’ ह्याच टेबलाशी. तो कधी उलट बोलायचा नाही मला. ‘राहू दे ताई, वाजवताना मागून वर दुमडून ठेवू,’ म्हणाला आणि घेऊन गेला. सगळ्यांना तसं सांगितलंही त्याने, तुम्हालाही सांगितलं असेल. विसरलात ना. माणूस विसरतो. तापात तोही विसरला. जाताना दारातून म्हणाला होता, ‘शिवण मात्र एक नंबर.’

बाकीच्या तिघांची आणून घेतली मी, फोन करकरून. नवी फॅशन आलीय म्हटलं, मागून उघडी. फुकट करून दिली. खूश झाले. तुमचा तेवढा पत्ता नव्हता, तुमच्या घराला कुलूप, दोनदा येऊन गेले. रोज सकाळी कात्रीला हात लावला की तुमची आठवण यायची — तुमची म्हणजे, तुमच्या ह्या पाठीची.

ही बघा, खडूची रेघ अजून दिसते. डागाच्या अगदी कडेने गेलीय. धरा तिकडून, ताणून धरा. फोमला कात्री अडते जरा. झालं. एवढंच होतं — किती वेळ लागला, तुम्हीच सांगा. दहा पाठींना किती लागला असता. अर्धा तास? चहा पिऊन पाऊण.

नवी जोडी नाही शिवणार मी. हेच घाला, आणि घरचं दुसरं उद्या घेऊन या. रेक्झिन करपलेलं असलं तरी आणा. पैसे ठेवा खिशात. निघा आता, आई एकट्या आहेत.

काय? वाटेत भावजयीकडे डोकावणार? भेटा, बरं वाटेल तिला. चुरगळलेल्या कपड्यांत दिसेल, बघत राहू नका — तशीच जाते कामावर, इस्त्री तिने माळ्यावर टाकलीय. रविवारी येते माझ्याकडे, इथेच बसते, तुम्ही बसलात तिथे. ‘वन्सं, मी बटण बंद केलं असेल ना हो?’ म्हणून विचारते, आणि मी मशीन चालू करते. पिशवी नीट बंद करा, डाग दिसायला नको. आणि तिथे ह्यातलं काही बोलू नका. तिला मी अजून सांगितलेलं नाही.