हौस डीजे

आणि वर गोजरकाकू मलाच विचारते, अस्तर तू घालशील का मी आणू? अस्तर! तुम्हाला सांगतो, माणूस शिकायला घरापासून इतक्या लांब राहतो, शिलाँगच्या थंडीत ओठ फुटेपर्यंत हार्मोनिका घासतो, ब्लूज म्हणजे काय, त्यातलं दुःख कुठून येतं, श्वास आत ओढताना सूर कसा वाकवायचा, हे सगळं शिकून मोठ्या उमेदीने परत येतो, जिंतूरला एसटीतून उतरतो, आणि येलदरी रस्त्यावरच्या आमच्या गावात तोवर काय पसरलेलं असतं? तर आबासाहेबांचा हरिओम शिलाईचं शिकून आला. ब्लाउज शिकून आला! शिलाँग, शिलाई... ब्लूज, ब्लाउज... आणि ही बातमी सगळ्या पाहुण्यांना फोन करून दिली कुणी? आमच्या वडिलांनी, आबांनीच. वर म्हणाले, करू द्या, हौस हाय पोराची.

मी काकूला हार्मोनिका खिशातून काढून दाखवली. तिने उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "एवढुशीच? बाकीची पेटी मागून यायलीय का?"

जाऊ द्या. मला काही गाव जिंकायचं नव्हतं हो. मला फक्त एक पाहिजे होतं, आबांनी माझी एक चीज पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून ऐकावी. एक! ज्या माणसाने मी काय शिकायला चाललोय हे न कळताही नको म्हटलं नाही, त्याला शेवटचा सूर ऐकवायचा, एवढंच. तर मी अंगणात हार्मोनिका तोंडाला लावायचो, डोळे मिटायचो, डोळे उघडले की समोर रिकामी बाज. आबा गेलेले. लाइट आली, मोटर टाकून येतो. आमच्याकडे लाइट कधी येते हे कुणालाच सांगता येत नाही, पण मी वाजवायला लागलो की ती येते म्हणजे येतेच. शेजारचे तर विचारायला लागले, हरिओम, आज कधी वाजवणार? म्हणजे आम्हाला भिजवायला बरं.

मग मला वाटलं, चूक माझीच. ब्लूज अंगणातला नाहीच, तो रानातला! तिकडे सातासमुद्रापार कापसाच्या रानात राबणाऱ्या माणसांतून तो आला, आणि आमच्याकडे काय आहे? कापूस! मला रात्रभर झोप नाही... आता ह्या दोन कापसांची गाठ मी घालून देणार! गेलो रानात. बाया वेचायला लागलेल्या. मी बांधावर बसून माझी सगळ्यात खोल, सगळ्यात संथ चीज काढली. एकेक हात थांबला. काय सांगू, अंगावर काटा आला, म्हटलं, पोचलं! तर गोजरकाकूने डोक्यावर पदर घेतला, माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "कोण गेलं, बाबा?" आणि मागे एकीला आपली गेलेली जाऊ आठवली, ती रडायला लागली, तिला बघून दुसरी, आणि कापूस राहिला बोंडात. आबा आले, त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, आणि सगळ्यांची माफी मागितल्यासारखं म्हणाले, हौस हाय पोराची.

त्या दिवशी ठरवलं, दुःख ह्यांच्याकडे घरचं भरपूर आहे, आपण आनंद द्यावा. हाऊस म्युझिक! धप धप धप धप, एकसारखा ठोका, त्यावर हळूहळू चढत जाणारे सूर, सगळ्यांनी एका तालात नाचायचं, लहान नाही, मोठा नाही, पाटील नाही, सालगडी नाही! लॅपटॉप घेतला आणि जिंतूरच्या व्यंकटीकडे गेलो. व्यंकटीकडे पिकअप आहे, त्यावर स्पीकरची भिंत. मी म्हटलं, मी डीजे आहे. तो पिकअपकडे बोट दाखवून म्हणाला, "डीजे ही हाय. तू आपरेटर." बरं. मी म्हटलं, पण मी हाऊस वाजवतो. तो म्हणाला, हौस तर लागतीच बाबा ह्या धंद्याला. आणि आठवड्यात पिकअपच्या कपाळावर, दोन मोरांच्या मधे, लालभडक अक्षरांत लिहून आणलं, हौस डीजे! मी म्हटलं, अरे, ह ला काना, मग ऊ, मग स. तो म्हणाला, पेंटर शिकलेला हाय.

पहिलं काम घरचंच, गोजरकाकूच्या पंकजाचं लग्न. नवरदेव मारुतीच्या पाराकडे मिरवत निघाला, ह्याला आमच्याकडे परण्या म्हणतात, आणि पुढे मी. चालू केलं. धप धप धप धप. आता हाऊसला जरा धीर लागतो हो, ते उलगडत जातं! पोरं हात वर करून उभी. उभीच. एक जण पिकअपवर चढून म्हणाला, गाणं कवा लावायलास? म्हटलं, हेच गाणं आहे. तो खाली जाऊन सगळ्यांना म्हणाला, थांबा, गाडी गरम करायलाय.

पण माझं लक्ष कुठे होतं? पारावर! आबा पारावर बसलेले, डोळे मिटलेले, पायाचा अंगठा... तालात! कुणीतरी येऊन सांगितलं, आबा, लाइट आली. आबांनी नुसता हात वर केला. थांब. तुम्हाला सांगतो, माझे डोळे भरून आले, मी शेवटाला हार्मोनिका काढली, माईकला लावली, त्या ठोक्यावर माझा सगळा ब्लूज ओतला, आणि शेवटचा सूर संपला तेव्हा आबा तिथेच होते. तिथेच!

हळूहळू पिकअपजवळ आले. म्हणाले, "इंजन झाक चाललं. आपल्या हिरीवर जुनं डिझेलचं होतं, तसंच. लय वर्षांनी ऐकलं बघ."

मी म्हटलं, आबा...

"शेवटाला कुईकुई करायलं होतं. पट्टा सैल असंल." मग लेकराची समजूत काढावी तसं म्हणाले, "पण हरी, इतका येळ चाललं, पाणी कसं न्हाई आलं?"

पण मीही हट्टाचा. येलदरी धरणावर गेलो, सांडव्याचं पाणी रेकॉर्ड करून आणलं, आणि त्याच चीजेत ठोक्याच्या वर हळूच सोडलं. अंगणात आबांना बाजेवर बसवलं. धप धप धप धप. आबा खूश, डोळे मिटलेले, अंगठा हलतोय. मग पाणी आलं, खळखळ खळखळ... आबांचा चेहरा असा उजळला म्हणता! म्हणाले, "आलं बघ!"

आणि खोरं उचलून रानात दारं धरायला, पाटाचं पाणी वळवायला, निघून गेले.

शेवट राहिलाच होता अजून. असू द्या... हौस हाय पोराची.