थंडीच्या आत मोरी मोकळी

...नाही, पण मी म्हणतो, मोरी तुंबली तर तुंबली, माणसानं गप बसावं की नाही? पाण्याला सवड होईल तेव्हा जाईल ते! पण आमच्या हरेशला हे सांगणार कोण? तुम्हाला सांगतो, हा हरेश आणि मी सूर्यमाळच्या एकाच पाड्यातले, सातवीपर्यंत एका बाकावर, पुढं मी भाताच्या चिखलात आणि तो थेट बेंगळुरात, तिथं पर्यावरणाचं काय काय शिकला आणि एके दिवशी पाठीवर पिशवी टाकून परत आला, म्हणाला, "आता मी माझ्या मातीत राहणार!" राहा बाबा! माती काय नाही म्हणते? पण हा आला तो घोषणा घेऊनच आला... "थंडीच्या आत मोरी मोकळी!"

तसं त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पावसाळाभर आमच्या मोऱ्या देवच धुतो, पाऊस गेला की उरतं ते खरकटं पाणी, त्यात आता घरकुलं झाली, मोरीला पाईप आला, पाईपात गाळ, पाला, थंडीत थिजलेलं तेल, मग मागं डबकं आणि डबक्यात डास! पण तो सांगायचा कसं? दारात उभा राहून, डोळे मोठे करून, हात वर करून! शेजारची वेणूकाकी म्हणायची, "अरं, मोरीच ती, देव्हारा हाय का?" तर हा म्हणायचा, "काकी, देव्हाऱ्याआधी मोरी!" काकी पदर तोंडाला लावून आत गेली. हसत.

आणि एक मोरी असती तर चाललं असतं हो! पण ग्रामसभेत उभा राहिला आणि नागलीवर, म्हणजे तुमच्या नाचणीवर, घसरला. "नागली म्हणजे आपलं सोनं! शहरातली माणसं पाकिटातून विकत घेतात आणि तुम्ही पोरांच्या हातात बिस्किटं देता? शरम वाटायला पाहिजे!" वाटली की! पुढं बसलेल्या चिमीच्या आईनं बिस्किटाचा पुडा ओच्यात लपवला. आणि मागच्या रांगेत हरेशची आई, सकूमावशी, डोळे पुसत बसलेली. आपला मुलगा एवढा शिकला आणि आपल्याच चुलीचं बोलतो! दुसऱ्या दिवसापासून मावशीनं काय करावं? नवी नागली अजून शेतात उभी, कणगी तळाला गेलेली, तरी हात खांद्यापर्यंत आत घालून पिठापुरती नागली काढायची, दळून रात्री भिजवून आंबवायची आणि सकाळी हरेशपुढं वाडगाभर आंबील. स्वतः? स्वतः कोरा चहा.

असो. तर मोहिमेचा दिवस उजाडला. सगळा पाडा गोळा केला यानं. म्हणाला, "सुरुवात माझ्या घरापासून!" बघा, हौस बघा! मोरीत पाणी ओतलं... जाईना. हरेशचा चेहरा मला तेव्हाच जरा पिवळा वाटला, पण मी म्हटलं, उन्हानं असेल. बांबूची कामटी घातली... हलेना. "राहू दे," हा हळूच म्हणाला, "पलीकडच्या लाडक्याकाकांच्या घरापासून सुरू करू." काका म्हणाले, "का रं? तूच म्हणालास ना, थंडीच्या आत मोरी मोकळी?" आणि मी गाढव, दोस्ताला मदत म्हणून घरामागं गेलो आणि पाईपाचं वळण जोर लावून उपटलं!

काय आलं बाहेर? गाळ नाही. पाला नाही. तांबूस, काळपट, घट्ट लगदा, विटेसारखा आकार धरलेला, त्यात खरकट्या भाकरीचे तुकडे, आणि वास... आंबट! एवढ्यात वेणूकाकीच्या कोंबड्या धावत आल्या आणि लागल्या की हो मिटक्या मारायला! आता कोंबडीला कोण समजावणार?

काकी वाकली, बघितलं, म्हणाली, "अगं बाई... ही तर नागली!"

तुम्हाला सांगतो, पाड्यात नागली पायाखाली आली तरी उचलून कपाळाला लावतात. आणि इथं ती मोरीत! सगळ्यांच्या माना सकूमावशीकडं वळल्या. मावशीनं लगद्याकडं बघितलं, मग हरेशकडं. एकदाच. आणि खाली मान घालून म्हणाली, "मीच ओतली. पीठ कडू झालं होतं."

"सकू? मोरीत? गाईला तरी घालायची!" काकी कडाडली. "म्हातारपणी अक्कल गहाण टाकलीस व्हय?" आणखी दोघी बोलल्या. मावशी पदराचं टोक पिळत राहिली. आणि आमचा वक्ता? कामटी हातात, कान लाल, घाम मानेवरून खाली. एकदा दोन पावलं मागं सरकला, मला वाटलं पळतोय आता जंगलात. पण काकी म्हणाली, "पोरगा एवढा सभेत बोलतो आणि आईनं असं करावं?" तेव्हा मात्र फुटला.

"काकी... मी ओतली. रोज. वाडगा विसळायला जातो म्हणून सांगायचो. मला आंबील जात नाही."

लाडक्याकाकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "मंजे तुला नागली आवडत नाय?"

"नाही."

"मग सभेत बोललास ते?"

हरेश खाली बघत म्हणाला, "ते... तुमच्यासाठी."

हसलं नाही हो कुणी! हसले असते तर बरं झालं असतं. मी तो पाईप हातात धरून उभा, आणि लाज त्याची, पण जमीन दुभंगावी असं मलाच वाटत होतं. मावशी एवढंच म्हणाली, "सांगायचं ना रं," आणि खराटा घेऊन स्वतःच तो लगदा गोळा करायला बसली. हरेशनं खराटा धरला, तिनं सोडला नाही, तो गुडघ्यावर बसला आणि हातांनी भरू लागला. उरलेल्या मोऱ्यांचं त्या दिवशी कुणी नाव काढलं नाही.

दुसऱ्या सकाळी मावशीनं त्याच्यापुढं काय ठेवलं? कोरा चहा आणि बिस्किटं! चिमीच्या आईकडून मागून आणलेली! तो म्हणाला, "आये, आंबील दे." ती म्हणाली, "नको रं बाळा, पाईप चोंदेल." रागानं नाही, टोमणाही नाही... खरोखर काळजीनं! ते त्याला असं लागलं, असं लागलं, की चुलीपाशी जाऊन आंबिलीच्या भांड्यालाच तोंड लावून प्यायला.

पण पाडा तो पाडा! आता हा दारोदार मोऱ्या साफ करत फिरतो, आणि प्रत्येक घरी आधी वाडगाभर आंबील, मग कामटी. बाया कमरेवर हात ठेवून उभ्या, तळ दिसेपर्यंत! वर काकी पोरांसारखी ओरडते, "थंडीच्या आत मोरी मोकळी!" सगळ्या पाड्यात आता एक डबकं शोधून दाखवा.

मी परवा त्याला विचारलं, "काय रे, आवडायला लागली का?"

त्यानं इकडं तिकडं बघितलं, ढेकर दाबला आणि म्हणाला, "नाही रे... पण ओतू कुठं? सगळ्या पाड्याला मोरीवर नजर ठेवायला मीच शिकवलंय!"